नाईव्ह शैलीतल्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन कसं करावं: निवडीपासून टांगणीपर्यंत

कलाशाळेत न गेलेल्या, किंवा जाऊनही तिथलं शिस्तीचं रेखाटन मागे ठेवून स्वतःच्या वाटेने निघालेल्या चित्रकारांसाठी हा लेख आहे. तुमच्या चित्रात घर आहे, पण त्याच्या तिन्ही भिंती एकाच वेळी दिसतात. बैल माणसापेक्षा मोठा आहे, चंद्र विहिरीच्या खाली आहे, आणि काही आकार तर ओळखीचे वाटता वाटता नुसते रंगाचे तुकडे होऊन जातात. शाळेतले रेखाटनाचे नियम बाजूला ठेवणाऱ्या अशा साध्या शैलीलाच 'नाईव्ह' म्हणतात. अशी दहा-वीस चित्रं घरात साठली आहेत, लोक म्हणतात "प्रदर्शन कर", आणि पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही.

मी या सगळ्यातून गेलो आहे. माझं एक ठाम मत झालंय, ते आधीच सांगतो. साध्या दिसणाऱ्या चित्रांना मांडणी अतिशय काटेकोर लागते. निसर्गचित्राची फ्रेम थोडी वाकडी असली तरी प्रेक्षक चित्रकाराच्या हातावर शंका घेत नाही. आपल्या चित्राची फ्रेम वाकडी असली की तो लगेच ठरवतो, की चित्रातलं वाकडं घरही न जमल्यामुळेच तसं झालंय. पुढच्या प्रत्येक पायरीवर ही गोष्ट लक्षात ठेवा.

1. आपल्या आधी कोण कोण होऊन गेलं, ते पाहून घ्या

"तुम्ही जे.जे.चे का?", म्हणजे मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचे का, हा प्रश्न तुम्हाला नक्की येणार. उत्तर द्यायला आपली परंपरा माहीत असावी, म्हणजे संकोच वाटत नाही.

पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरी करणारा आंरी रूसो (1844–1910) स्वतःच चित्रं काढायला शिकला. परीक्षक मंडळ नसलेल्या 'सालों दे आंदेपांदां' या प्रदर्शनात तो 1886 पासून चित्रं लावत राहिला. लोक हसले, तरी लावत राहिला. पुढे पिकासोने त्याचं चित्र विकत घेतलं आणि 1908 मध्ये त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली.

आपल्याकडची नावं अजून जवळची आहेत. भूपेन खख्खर (1934–2003) मुंबईत जन्मले, चार्टर्ड अकाउंटंट झाले, बडोद्याला गेले आणि हिशेबाचं काम सांभाळून चित्रं काढत राहिले. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. बद्री नारायण (1929–2013) हेही स्वयंशिक्षित. मुंबईत चेंबूरला राहून त्यांनी छोट्या आकाराच्या जलरंगांत कथा सांगितल्या. आणि माधवी पारेख. 1942 साली गुजरातमधल्या संजया गावात जन्म, कलाशिक्षण नाही. पती मनू पारेख जे.जे.त शिकलेले. त्यांनी पॉल क्ले या चित्रकाराच्या अभ्यासवहीतले धडे माधवीबाईंना करायला दिले, आणि त्या ठिपक्या-रेषांतून माधवीबाई गावच्या रांगोळीपर्यंत, देवीपर्यंत, जनावरांपर्यंत पोचल्या. 2022 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये दिओरच्या फॅशन शोसाठी या दांपत्याच्या चित्रांवरून मुंबईच्या चाणक्य संस्थेत भरतकामाचे भव्य पडदे तयार झाले होते.

अर्ध-अमूर्ताची, म्हणजे अर्धं ओळखू येणाऱ्या आणि अर्धं न येणाऱ्या चित्रांची बाजू समजून घ्यायची असेल, तर प्रभाकर बरवे (1936–1995) सावकाश पाहा. पान, घड्याळ, पेटी यांसारख्या त्यांच्या चित्रातल्या वस्तू आपल्याला ओळखू येतात. त्या ज्या जागेत आहेत ती जागा मात्र खोलीही नाही आणि आभाळही नाही. वस्तू ओळखीची ठेवून तिच्याभोवतालची जागा अनोळखी करणं ही फार अवघड गोष्ट आहे, आणि ती छापील पुस्तकात नीट कळत नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गोव्यात पणजीला अल्तिन्योवरचं सुनापरान्त आणि पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा आहे. एखादा दिवस काढून जा.

2. चित्रं निवडा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

घरातली सगळी चित्रं जमिनीवर पसरा आणि खुर्चीवर उभं राहून वरून पाहा. कुठलं चित्र सुंदर आहे हा विचार बाजूला ठेवा. कुठली चित्रं एकाच माणसाची वाटतात तेवढंच बघा. पहिल्या प्रदर्शनात एकमेकांशी बोलणारी पंधरा-अठरा चित्रं पुरतात. गणपती, अमूर्त, व्यक्तिचित्र, वारली बॉर्डर असं सगळं थोडं थोडं लावलं की प्रेक्षकाला तुम्ही कोण ते कळत नाही.

मग प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारा.

पहिला, चित्राने स्वतःचा नियम पाळलाय का? उदाहरण देतो. सपाट हिरव्या जमिनीवर लाल बैल आहे. तो बाजूने दिसतो, पण त्याचे दोन्ही डोळे आपल्याकडे आहेत. शिंगं चौकटीच्या कडेला टेकलीत, मागचं झाड बैलाच्या पाठीतूनच उगवल्यासारखं दिसतं. हे सगळं एका जगातलं आहे आणि छान चाललंय. आता कुणीतरी सांगतं, "झाड जमिनीवर वाटत नाही, जरा सावली टाक." तुम्ही झाडाखाली करडी, नीट उजेडाच्या दिशेने पडलेली सावली टाकता. त्या एका सावलीने चित्रात सूर्य आला, दिशा आली, खोली आली, आणि मग दोन डोळ्यांचा बैल एकदम चुकल्यासारखा दिसायला लागला. नाईव्ह चित्रं बहुतेक अशीच बिघडतात. त्यांच्यात कमी काही नसतं, एखादी गोष्ट वरून 'सुधारलेली' असते. अशी दुरुस्ती दिसली तर ते चित्र बाजूला ठेवा, किंवा सावली रंगवून काढा.

दुसरा, रंगांची वजनं सांभाळली आहेत का? फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग गेल्यावर सगळं एकाच करड्या पातळीवर आलं, तर दालनात दहा फुटांवरून ते चित्र कुणाला थांबवणार नाही. मग चित्र उलटं टांगून पाहा. अर्ध-अमूर्त चित्र उलटं केल्यावरही रचना म्हणून उभं राहिलं पाहिजे.

तिसरा, हे माझंच आहे का? महाराष्ट्रात साधेपणाची ओढ लागलेला नवा चित्रकार पटकन वारलीकडे वळतो. दोन त्रिकोण, काडीचे हातपाय, गोल तारपा नाच. कृपा करून असं करू नका. वारली चित्र ही एका समाजाची विधीशी जोडलेली भाषा आहे. लग्नातला चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात. जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांनी त्या भाषेला कागद-कॅनव्हासवर आणलं, ते आतून आलेले होते म्हणून. त्या चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. तीच गोष्ट मध्य प्रदेशातले गोंड आदिवासी चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्या ठिपक्यांची. त्यांच्याकडून शिका, नाव घेऊन आदर करा, पण त्यांच्या आकृत्या उचलून आपल्या चित्रात बसवू नका. तुमच्या आजीने दारात काढलेली रांगोळी, तुमच्या गावच्या जत्रेतला पाळणा, एसटी स्टँडवरच्या रंगवलेल्या पाट्या, हे तुमचं भांडवल आहे.

3. चित्रं पक्की करा

यात गंमत नाही, पण हे चुकलं तर विकलेलं चित्र परत येतं.

- कॅनव्हास नीट ताणलेला हवा. मागून बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज यावा. ढिला असेल तर आतल्या चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरा ठोका.
- चौकटीचं लाकूड वाळलेलं घ्या. ओलं लाकूड दोन पावसाळ्यांत पिळतं आणि चित्राचे कोपरे भिंतीपासून सुटतात.
- तैलरंग जाड लावले असतील तर वरून कोरडे वाटले तरी आतून महिनोन्‌महिने ओले असतात. अंतिम वार्निशला सहा महिने थांबण्याची जुनी रीत अजूनही पाळावी. अ‍ॅक्रिलिकला इतकी वाट पाहावी लागत नाही.
- कागदावरचं काम असेल तर माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लमुक्त मागा. साध्या माउंटमुळे काही वर्षांत कडेने पिवळी रेघ येते.
- कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात चित्रं भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे हवा खेळली नाही की बुरशी आलीच.
- प्रत्येक चित्राच्या मागे नाव, शीर्षक, माध्यम, माप, वर्ष लिहा. लिहायचं ते लाकडावर, कॅनव्हासवर नाही. कॅनव्हासवर मार्करने लिहिलेलं कालांतराने पुढे झिरपतं.

4. फोटो आणि नोंदवही

दालन तुमचं चित्र आधी फोटोतच पाहतं. सावलीतला दिवसाचा उजेड, फ्लॅश बंद, कॅमेरा चित्राला अगदी समांतर, आणि फोटो काचेशिवाय, फ्रेमशिवाय. आपल्या शैलीत सपाट रंगाचे मोठे पट्टे असतात. फोन ते स्वतःहून भडक करतो, म्हणून फोटो मूळ चित्राशेजारी धरून रंग जुळवा.

सोबत एक वही किंवा एक्सेल फाइल ठेवा: क्रमांक, शीर्षक, माप (उंची आधी, मग रुंदी), माध्यम, वर्ष, किंमत, सध्या कुठे आहे, कुणी घेतलं. ही यादी पुढे अर्जाला, लेबलांना, बिलाला, सगळीकडे लागते.

5. निवेदन लिहा: अर्धं पान, जास्त नाही

निवेदन म्हणजे आपल्या चित्रांबद्दल प्रेक्षकांसाठी लिहिलेला छोटा मजकूर. बहुतेकांची गाडी इथे अडकते. मग कुणाकडून तरी लिहून घेतात आणि असं काहीतरी येतं: "चित्रकाराच्या अंतर्मनातील वैश्विक ऊर्जेचा अवकाशाशी होणारा चिरंतन संवाद…" हे वाक्य कुठल्याही चित्रकाराच्या नावाखाली खपेल, म्हणून ते तुमच्या उपयोगाचं नाही.

त्याऐवजी दिसतं तेच लिहा. उदाहरणार्थ: "माझं बालपण विहिरीजवळच्या घरात गेलं. विहीर वरून पाहायची, घर समोरून आणि झाड खालून, अशीच मला ती आठवतात. म्हणून चित्रातही ती तशीच येतात. मी अ‍ॅक्रिलिक पातळ थरांत लावतो आणि शेवटी काळ्या रेषेऐवजी रंगाच्या कडेनेच आकार तोडतो." एवढ्यात विषय आला, दृष्टी आली, हाताची पद्धत आली. 'नाईव्ह' हा शब्द स्वतःहून वापरलाच पाहिजे असं नाही. वापरलात तर एकदाच, आणि माफी मागितल्यासारखा नको. शिक्षण झालं नसेल तर 'स्वयंशिक्षित' एवढं सरळ लिहा.

6. दालन शोधा आणि अर्ज करा

मुंबईत सगळ्यांच्या मनात जहांगीर असतं. 1952 पासूनचं ते दालन, तिथली वर्दळ आणि नाव दोन्ही मोठं. प्रदर्शन साधारण मंगळवार ते सोमवार असं आठवड्याचं असतं, आणि तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. म्हणून तिथला अर्ज आजच करा, पण पहिलं प्रदर्शन त्याच्यासाठी अडवून ठेवू नका. वरळीचं नेहरू सेंटर, प्रभादेवीची पु. ल. देशपांडे कला अकादमी, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन, कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन, या जागा पाहून या. कुठेही अर्ज करण्याआधी चालू प्रदर्शनाच्या वेळी जाऊन दिवे, भिंतीची लांबी आणि येणारी माणसं बघा. रिकाम्या दालनात जाऊन यातलं काही कळत नाही.

एकल प्रदर्शनाआधी स्पर्धात्मक प्रदर्शनांना चित्रं पाठवणं चांगलं. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन असतं. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे विभाग असतात. नकार आला तर तो त्या वर्षीच्या परीक्षकांचा असतो. पुढच्या वर्षी मंडळ बदलतं, तेव्हा पुन्हा पाठवा.

अर्जासाठी ही फाइल तयार असू द्या:

- आधार आणि पॅनची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो
- एक पानाचा परिचय आणि निवेदन
- आठ-दहा चित्रांचे चांगले फोटो, माप-माध्यमासह
- आधीच्या सहभागाची पत्रं, असतील तर
- अनामत आणि भाड्यासाठी रद्द केलेला धनादेश किंवा खात्याचा तपशील

आता एक सापळा. सोशल मीडियावर तुमची चार चित्रं दिसली की "आंतरराष्ट्रीय समूह प्रदर्शनात निवड झाली, सहभाग शुल्क अमुक" असा निरोप येतो. निवड कुणी केली, भिंतीची किती फूट जागा मिळणार, दिवे आणि लेबलं कोण देणार, चित्र खराब झालं तर जबाबदारी कुणाची, हे लेखी मागा. माझ्याकडून एका आयोजकाने पूर्ण भिंतीचे पैसे घेतले आणि चित्रं जिन्याच्या वळणावर लावली. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे बोलायलाही जागा नव्हती. प्रामाणिक आयोजक चार ओळी लिहून द्यायला कधी कचरत नाही.

7. किंमत, बिल आणि हक्क

नव्या चित्रकाराने चौरस इंचाचा दर धरावा. समजा दर 20 रुपये असेल, तर 24 गुणिले 30 इंच म्हणजे 720 चौरस इंच, 14,400 रुपये. फार लहान चित्राला दर थोडा जास्त, फार मोठ्याला थोडा कमी. फ्रेमचा खर्च वेगळा धरा. 'हे माझं लाडकं' म्हणून एखाद्याची किंमत तिप्पट करू नका. द्यायचंच नसेल तर यादीत 'विक्रीसाठी नाही' लिहा. आणि घरी एक भाव, दालनात दुसरा असं अजिबात नको. मुंबईपुण्यातली खरेदी करणारी मंडळी एकमेकांना ओळखतात.

भाड्याच्या दालनात भाडं तुम्ही भरता. खासगी गॅलरी चित्रं ठेवून घेते तेव्हा विक्रीतला वाटा घेते, तो एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असू शकतो. किंमत ठरवताना हा वाटा आधीच धरा.

हाताने काढलेल्या मूळ चित्रांवर जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला, आधी 12 होता. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परराज्यात चित्र पाठवायचं असेल तर नियम वेगळे आहेत, ते तुमच्या सीएला आधी विचारा. नोंदणी असो वा नसो, क्रमांक टाकलेलं बिल आणि सोबत सही केलेलं अस्सलतेचं पत्र द्याच.

स्वामित्वहक्काचं नीट समजून घ्या. 1957 च्या कायद्यानुसार चित्र विकलं तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो, तुम्ही लेखी दिल्याशिवाय जात नाही. मात्र कुणी पैसे देऊन खास स्वतःसाठी चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास तो हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. आपल्या शैलीची चित्रं कॅलेंडर, कुर्ते, मगवर सहज चढतात, त्यामुळे ऑर्डर घेताना "स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील" ही ओळ बिलावरच लिहा.

8. बांधणी, वाहतूक, टांगणी

दोन चित्रं रंगाच्या बाजूने समोरासमोर, मध्ये बटर पेपर. त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे रंगाकडे ठेवले आणि टेम्पो उन्हात उभा राहिला, की अ‍ॅक्रिलिकच्या सपाट निळ्या आभाळावर गोल गोल वळ उठतात, आणि ते जात नाहीत. कोपऱ्यांना पुठ्ठा बांधा. छोटा हत्ती ठरवलात तर चित्रं उभीच ठेवा, आडवी एकावर एक रचू नका.

दालनात न्यायची पिशवी: पाणसळ, मेझरिंग टेप, मजबूत नायलॉन दोरी, जादा हुक, पक्कड, हातोडी, पेन्सिल, कापूस, मऊ कापड, दुहेरी टेप, छापलेली लेबलं आणि चार कोरी लेबलं, लाल टिकल्या (विकलेल्या चित्राच्या लेबलावर लावायला).

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचांवर घ्या आणि सगळ्या भिंतींवर तीच रेषा पाळा. आधी सगळी चित्रं भिंतीखाली टेकवून क्रम लावा, मगच टांगा. भडक लाल-पिवळी दोन चित्रं शेजारी आली तर एकमेकांना खातात. त्यांच्यामध्ये शांत, मोकळ्या जागेचं चित्र ठेवा. दारातून आत येताना समोर दिसणाऱ्या भिंतीवर एकच मोठं चित्र असू द्या. दोन-तीन चित्रं उरली तर ती कोंबू नका, परत न्या.

9. प्रदर्शनाच्या दिवसांत

उद्घाटनाला पाहुणा बोलवा, पण भाषणं आटोपशीर ठेवा. त्यापेक्षा रोज स्वतः हजर राहणं महत्त्वाचं. येणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंदवही ठेवा आणि तीत लोकांना नाव आणि फोन लिहायला सांगा.

"याचा अर्थ काय?" हा प्रश्न दिवसातून अनेकदा येईल. अर्थ सांगायला बसू नका. "तुम्हाला आधी काय दिसलं?" असं विचारा आणि खरंच ऐका. कुणी म्हणतं मासा, कुणी होडी, आणि चित्र त्या दोघांचंही असतं. "हे तर माझा मुलगाही काढेल" असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. त्यांना चित्राच्या जवळ नेऊन रंगाचे थर दाखवा, कुठली कड किती वेळा बदलली ते दाखवा. माणसं जवळ आली की बहुतेक वेळा थांबतात. आणि मुलगा सोबत असेल तर त्याला आधी विचारा. माझ्या चित्रांबद्दल सगळ्यात नेमकं मुलंच बोलली आहेत.

विक्री ठरली की निम्मी रक्कम आगाऊ घ्या, मगच लाल टिकली लावा. चित्र प्रदर्शन संपल्यावरच द्या, मधून भिंत रिकामी करू नका. परदेशी राहणारे नातेवाईक किंवा ओळखीचे मोठं चित्र घेत असतील तर चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळून द्या. रंग आत ठेवून गुंडाळला तर उलगडताना सुरकुत्या पडतात.

शेवटच्या संध्याकाळी टेम्पो दालन बंद होण्याच्या दोन तास आधी बोलवा. उतरवलेलं प्रत्येक चित्र यादीशी ताडून मगच गाडीत चढवा. अनामत परत मिळाल्याची पावती तिथेच घ्या. आणि नोंदवहीत फोन लिहून गेलेल्या सगळ्यांना त्या आठवड्यातच एक ओळीचा निरोप पाठवा, त्यांनी ज्या चित्रासमोर वेळ घालवला त्याच्या फोटोसह.